अंगठाभर कमी

पोस्टमनने सकाळी एक लांबट खोकं आणून टेकवलं.
आत बंदूक, जुन्या पडद्यात गुंडाळलेली,
आणि चिठ्ठी: आजोबांच्या माळ्यावर सापडली. ताणलेलीच आहे.
ताणलेलीच पाठवली, शहाण्यांनी!
नळी मोडून पाहिली. आत छर्राही होता,
शिशाला पांढरी बुरशी चढलेली.
कुणीतरी नेम धरला असणार, आणि कुणीतरी जेवायला हाक मारली असणार.

मी गेर्लिंड. वय एकाहत्तर.
रोनच्या डोंगरात हवेच्या बंदुका दुरुस्त करते,
बाबांच्याच बाकावर. शिकंजा अजून डाव्या टोकाला आहे,
कारण ते डावखुरे होते, आणि मी नाही,
आणि हलवायचं राहून गेलं.

या बंदुकांच्या पोटात आधी भाता असायचा.
खरंच, लोहाराचा असतो तसा, पण वीतभर, दस्त्यात लपवलेला.
स्प्रिंग सुटली की तो मिटायचा
आणि सरदारांच्या दिवाणखान्यात पिसाचा बाण फळीत रुतायचा.
पुढे भात्याच्या जागी नळकांडं आलं, घडीच्या जागी दट्ट्या.
इंग्रजांनी तरफ नळीखाली नेली, नळी जागची हलू दिली नाही.
आमच्याकडे नळीच बिजागरीवर मोडली
आणि तिलाच तरफ केलं.
बरोबर कोण, यावर बाबा रोज जेवताना भांडायचे,
टेबलाशी इंग्रज कुणी नसताना.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात ते थुरिंगियाहून चालत आले,
कोटाच्या अस्तरात एक मायक्रोमीटर शिवून.
बंदुका करायला बंदी होती.
मग सायकलींचे हब केले, खिमा करायची यंत्रं केली,
आणि दोन वर्षं नुसती दारांची बिजागरं.
म्हणायचे, तेव्हा कळलं, आपण आयुष्यभर
नळीकडे पाहत होतो, बिजागरीकडे नाही.
पन्नाशीनंतर परवानगी आली.
दारू नाही. काडतूस नाही. फुंकर तेवढी चालेल.

मला शिकवलं ते याच खोलीत.
ही आधी मागे ढकलते, मग दट्ट्या भिंतीला आपटतो
आणि ही पुढे उडी घेते,
छर्रा अजून नळीतच असतो, गेर्ली, नळीतच!
म्हणून आवळायची नाही.
शेजारणीचं झोपलेलं मूल धरतेस ना, तशी धर.
मी आवळायचे. छर्रा दर वेळी
पत्र्याच्या बदकाच्या वरून जायचा.

आई दट्ट्याच्या चकत्या करायची.
बैलाचं चामडं, गोल कापून, साच्यात दाबून,
चरबीत आठवडाभर मुरवलेलं, स्वयंपाकघरातच.
शाळेत मला मुलं मेणबत्ती म्हणायची.

दुपारी खोललं.
आधी छर्रा गजाने ढकलून काढला, मग नळी हाताने धरून
चाप दाबला आणि तिला हळूहळू घरी आणलं.
मागची टोपी सोडवली. स्प्रिंग बाहेर आली, निमूट,
तिच्यापाशी ढकलायला काही उरलंच नव्हतं.
बाबांच्या आराखड्याशेजारी ठेवली.
अंगठाभर कमी.
तुटलेली नाही, वाकलेली नाही, गंजाचा ठिपका नाही.
आपण केवढ्या होतो, तेवढंच विसरलेली.
नंबर त्यांच्याच हातचा, सातला आडवी रेघ.
वाईट वाटलं. त्यांना त्या पोलादाचा फार गर्व होता.

मग दट्ट्या ओढला.
चकती काळी, गुळगुळीत, काठ अजून कुरकुरीत उभा.
नखाने दाबली, तर
नखाखाली चरबी आली.

आराखड्यात चकतीच्या जागी एक बारीक रेघ आहे.
बाकी प्रत्येक भागाला आकडा, तिला नाही.

संध्याकाळी नवी स्प्रिंग घातली, चकती तीच ठेवली,
परसात बदकावर एक झाडला. हात सैल.
टण्ण.
खोलीत येऊन कितीतरी वेळ बोटं धुतलीच नाहीत.

बिल:
स्प्रिंग, एक नग. मजुरी, दीड तास.
वॉशर: बदलण्याची गरज नाही.